कुंपणापलीकडचं इंजिन

गुडलँड, कॅन्सस
२८ जून १९७८

ती. स्व. ऑर्लेटामावशीस,
ट्रूडीचा ग्रीस लागलेल्या हातांनी सा. न. वि. वि.

हे पत्र मी महिनाभर पुढे ढकलत होते, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तुझं निम्मं रागावणं वाचेल. मे महिन्यात तुझ्या पिकअपवरचे सगळे नंबर पेन्सिलीने कागदावर घासून घेतले, आठवड्यात कळवते म्हणाले आणि गव्हाच्या कापणीवाल्यांबरोबर निघाले. मग तो कागद पँटच्या खिशात आणि पँट ओक्लाहोमातल्या एका धोबीखान्यात राहिली. ती आणायला गेले तर गारपिटीत सापडले. तिथे एका बाईने मला घरात घेतलं. तिच्याकडे तीन पायांचा कुत्रा होता, चौघांना पुरून उरेल असा. पण ते जाऊ दे.

इथे जुन्या गाड्यांचा एक भंगारवाला आहे. हे आकडे तो वर्तमानपत्र वाचावं तसे वाचतो. तुझ्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा पहिला पाच म्हणजे गाडी कॅन्सस सिटीच्या कारखान्यात जुळवली. पुढची दोन अक्षरं म्हणजे एकोणपन्नास सालची, अर्ध्या टनाची. त्यानंतरचा एच म्हणजे आठवा महिना. एमिटकाका सांगायचे ते अक्षरन् अक्षर खरं. इथवर सगळं गोड.

आता कडू. तुझ्या मालकीच्या कागदावर, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, फक्त इंजिनाचा नंबर लिहिलाय. आणि गाडीतल्या इंजिनावर नंबर आहे दुसराच. शिवाय लोखंड ओततानाच त्यावर तारखेची खूण उठवतात, ती निघाली चौपन्न सालची. एकोणपन्नासच्या गाडीत चौपन्नचं इंजिन कारखान्यातून कसं येईल? म्हणजे मावशी, बॉनेटखाली आहे ते काकांनी गाडी घेतली तेव्हाचं इंजिन नव्हेच.

भंगारवाल्याने आणखी काहीतरी सांगितलं होतं, महत्त्वाचं होतं, आठवलं की कळवते. आमचा पुढचा मुक्काम ओगलाला गावात, पत्र तिथल्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठव. लोभ आहेच, हे वाचूनही थोडा उरला, तर तोही कळव.

तुझी,
ट्रूडी

रेड विलो खोरे, नेब्रास्का
६ जुलै १९७८

चि. ट्रूडीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा भेटीअंती.

मी तुला गाडी माझी आहे हे शोधायला सांगितलं होतं, की माझी नाही हे? अजून एक पत्र आलं तर चाकंही परक्याची निघतील.

तुला गंमत वाटत असेल म्हणून पुन्हा एकदा लिहिते. तुझे काका गेल्यापासून त्यांच्या भावाचं, हार्लनभावोजींचं, एकच पालुपद: ही पिकअप त्यांच्या वडिलांची, एमिटच्या कागदातली गाडी वेगळी, ती केव्हाच मोडीत गेली. कोर्टहाउसातल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, कागदातला नंबर आणि गाडी दोन्ही एकत्र माझ्या डोळ्यांसमोर आणा, लगेच शिक्का मारतो. नाही आणलं तर शनिवारी, पाच ऑगस्टला, भावोजी ट्रेलर घेऊन येणार. त्यांना ती लाल रंगवून मिरवणुकीत फिरवायचीय. लग्न करून मी त्याच गाडीतून या घरी आले, आणि एमिटला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेही त्याच गाडीतून. ती लाल झालेली मला बघवणार नाही.

आणि इंजिन बदललं कधी? छप्पनच्या दुष्काळात शेजारच्या त्या वोपातने गाडी मागून नेली आणि पाणी न घालता पळवून इंजिन फोडलं. एमिटने ती लिंकनला नेऊन तेच इंजिन सांधून आणलं, असं त्याने मला याच टेबलाशी बसून सांगितलंय. तेव्हापासून कुंपणापलीकडे मी मान वळवलेली नाही. गावजेवणात वोपातच्या बायकोच्या कोलाचीला, त्या मुरंबा भरलेल्या गोड पावाला, मी हात लावत नाही. ती फार चांगली करते, हे मला लोकांच्या तोंडून ऐकावं लागतं. त्यातून त्याच्या मक्याच्या शेतातला पंप उन्हाळाभर रात्रंदिवस माझ्या उशाशी धडधडतो. बावीस उन्हाळे. माणसाने शेजाऱ्याला छळायचं तरी किती?

फोन करू नकोस. सामाईक लाइनवर भावोजींची बायको कान लावून बसलेली असते. नीट जेवत जा. आणि ते महत्त्वाचं काय ते आठव.

माया आहे म्हणूनच चिडते हे ध्यानात असू दे.

तुझी,
मावशी

मकूक, नेब्रास्का
२९ जुलै १९७८

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि. आणि आधी खुर्चीवर बस.

आठवलं. तुझ्या पत्रातला पंप वाचला आणि खाड्कन आठवलं. भंगारवाला म्हणाला होता की त्या दुष्काळात लोकांनी आपापल्या गाड्यांची इंजिनं उपसून विहिरींच्या पंपांना जोडली होती. मालकाने मला इथे कापणीयंत्राचा पट्टा आणायला पाठवलं. पट्टा दुपारनंतर मिळणार होता, म्हणून कोणाच्या तरी गाडीतून वोपातच्या शेतावर गेले.

माणूस तू सांगतेस तसाच, कपाळाला कायमची आठी. मी कोण ते सांगितलं, तर हातातलं फावडं टाकून मक्यातून बाहेर आला. मग पंपावरच्या पत्र्याच्या छपराखाली घेऊन गेला आणि हातात फडकं दिलं. मी काजळी पुसली. मावशी, तुझ्या कागदावरचा नंबर तिथे आहे. शेवटच्या आकड्यापर्यंत. बावीस उन्हाळे तुझ्या उशाशी धडधडतंय ते तुझंच इंजिन आहे.

त्याने गाडी मागून नेली नव्हती, आणि फोडलं तर काहीच नव्हतं. त्या वर्षी त्याचा मका उभा जळत होता, पंपाचं इंजिन बसलं होतं आणि घरात चार पोरं. एमिटकाका आपण होऊन आले, इंजिन उतरवून जोडून दिलं, आणि गाडी लिंकनला नेतो म्हणून तिच्यात अपघातातल्या कुठल्याशा गाडीचं इंजिन बसवून आणलं. ऑर्लेटाला काय सांगणार, असं वोपातने विचारलं. काका म्हणाले, “तू फोडलंस म्हणून सांगतो. आठवडाभर तुझ्यावर रागावेल, मग विसरेल.”

पुढे बरे दिवस आल्यावर तो इंजिन परत द्यायला निघाला, तर काका म्हणाले, राहू दे, त्याला आता तुझ्या पाण्याची सवय झालीय. काका गेल्यावर तुला सांगावं असं त्याला वाटलं होतं, पण मेलेल्या माणसाला खोटं पाडायला मन होईना.

मी हात जोडून विचारलं की फक्त एक दिवस इंजिन कोर्टहाउसात न्याल का. नाही म्हणाला. मका तुऱ्यावर आलाय, महिनाभर पाऊस नाही. उतरवायचं, न्यायचं, पुन्हा जोडायचं म्हणजे दोन-तीन दिवस पाणी बंद, तेही नेमकं कणसं धरायच्या वेळी. सप्टेंबरात बघू म्हणाला. मी वर काय बोलणार? शेत त्याचं, आणि आपला शनिवार आधी येतो.

तुला भेटायला आले नाही म्हणून शिव्या घालशील, पण मालक पट्ट्यासाठी खोळंबलाय. शिवाय खरं सांगायचं तर हे तुला तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं. राग सगळा माझ्यावर काढ, थोडा लोभ मात्र झाकून ठेव.

ट्रूडी

रेड विलो खोरे
शुक्रवार, ४ ऑगस्ट

चि. ट्रूडीस आशीर्वाद. धपाटा मागे घेते.

आठवडाभर म्हणे. अठ्ठावीस वर्षं संसार केला त्या माणसाने माझ्याशी, आणि माझ्या रागाचा अंदाज त्याला आठवडाभराचा. पत्र वाचल्यावर तशीच त्याच्या थडग्यावर गेले आणि आणलेली फुलं न ठेवता परत फिरले. गाडीत थोडा वेळ बसले. मग जाऊन ठेवली.

मी इंजिन देऊ नको म्हटलं असतं का? म्हटलं असतं. त्या वर्षी आमचंच काय उरलं होतं. पण विचारायला हवं होतं त्याने.

असो. सकाळी गाडी धुतली, आतलं पुसलं. उद्या भावोजी नेतील. वोपातने नाही म्हटलं, तर त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि हे मी लिहितेय याचं मलाच नवल वाटतंय. एक गोष्ट मात्र कळत नाही. परवापासून पंपाचा आवाज बंद आहे. पहिल्या रात्री वाटलं, वारा फिरला असेल. शांततेने उलट झोप लागत नाही. पावसाचं चिन्ह तर

थांब, फाटकातून ट्रॅक्टर आत येतोय.

वोपात आहे. मागे ट्रेलर, त्यावर ताडपत्रीखाली दोरांनी आवळलेलं काहीतरी, खालून तेल ठिबकतंय. शेजारी बायको बसलीय, मांडीवर फडक्याने झाकलेलं ताट. त्याचा मका तुऱ्यावर आहे, ट्रूडी, आणि हा माणूस टोपी हातात धरून माझ्या अंगणात उभा आहे, पायरी चढायला कचरतोय.

कोर्टहाउस चारला बंद होतं. दार उघडायला हवं. आणि आज ती कोलाची खाऊन चांगली झालीय असं तोंडाने म्हणावं लागणार.

मावशी