पहिला चेहरा

बुधवार, सकाळचे दहा

चि. खाडाखोड यास,
अनेक आशीर्वाद.

टिंग! ओळ संपत आली की टाइपरायटरची ती घंटी वाजायची, आठवते? हॉलमध्ये सोळा यंत्रं, सोळा घंट्या, आणि त्यांत तुझी सगळ्यांत उशिरा. एका ओळीत तू तीनदा रबर फिरवायचास. त्यावरूनच मी तुझं हे नाव ठेवलं. आज तू त्याच कंपनीत सगळ्यांत वर बसला आहेस, तेव्हा साहेब म्हणायला हवं. पण एकोणिसाव्या वर्षी ज्याला कार्बन उलटा घालताना पाहिलं, त्याला साहेब म्हणायला जीभ वळत नाही. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल, मीही रागावूनच लिहितो आहे.

माझी तब्येत बरी. गुडघे कुरकुरतात, पण शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ आहेत. सकाळी चहाबरोबर एखादी मोठ्याने म्हणतो आणि लेक हात दाखवून गप्प करते. "बाबा, हळू, मीटिंग चालू आहे." निम्मा आठवडा माझं जेवायचं टेबलच आता तुमचं ऑफिस असतं ना!

तुमच्या नव्या ऑफिसाचं वर्णन ऐकलं. कुंड्या, झोपाळा, बसायला रंगीत गाद्या. मात्र स्वतःची खुर्ची कुणालाच नाही. सिनेमाचं तिकीट काढावं तशी, यायचं त्या दिवशी सकाळी फोनवर जागा धरायची. बावीस वर्षं ती एका खुर्चीत बसली, पाठीला स्वतः शिवलेली उशी लावून. आता ती उशी पिशवीतून नेते आणि आणते. शांत बसायची खोली केलीत म्हणे, तीत दिवसभर तुमच्याच बैठका. आणि कामाची वेळ लवचीक! कुणाच्या सोयीने? घास तोंडाशी नेला की फोन वाजतो. लवते ती माझ्या पोरीची कंबर.

खोटं कशाला बोलू, आपला हॉलही काही स्वर्ग नव्हता. सोळा माणसांना दोन पंखे. खिडकीजवळच्या बाईंची बोटं सुजायची, त्या हात पदराखाली लपवायच्या. मी हॉलचा प्रमुख, रोज बघत होतो. एकदाही विचारलं नाही. त्या एक दिवस यायच्या बंद झाल्या, तेव्हा यंत्रावर झाकण घातलं, एवढंच. ते झाकण घालताना तूच दुसरं टोक धरलं होतंस.

म्हणून तुम्ही रोज विचारता हे कळलं तेव्हा मी खूश झालो होतो, शप्पथ. सकाळी नऊला फोनवर पाच चेहरे येतात. पहिला रडका, पाचवा दात काढून हसणारा. खाली मजकूर: "आज कसं वाटतंय? मनमोकळं लिहा. उत्तर गुप्त राहील." लेक रोज चौथा दाबते.

मी म्हटलं, "पाचवा का नाही?"

"पाचवा दाबला तर कुणाला खरं वाटत नाही, बाबा."

"मग तिसरा?"

"तिसरा दाबला की काळजी करणाऱ्या बाईंचा फोन येतो. अर्धा तास. तेवढं काम मग मागे पडतं."

"आणि पहिला?"

ती हसली. "पहिला अजून कुणी दाबलेला नाही."

पुढचं तुला ठाऊकच आहे. एका गुरुवारी तिच्या फोनवरून पहिला चेहरा गेला, खाली उत्तर आणि एक कविता. तुझ्याच सहीचं पत्र आलं ना! "आपल्या स्वास्थ्याचा विचार करून" तिला विभागप्रमुख करायचं थांबवलं. ज्या जागेसाठी ती सहा वर्षं राबली, ती तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका चष्मेवालीला दिली. त्या पोरीला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. लेकीला काय मिळालं? श्वास कसा घ्यावा याचे आठ तास! जन्मल्यापासून घेतेय ती श्वास, कुणाचा तास न लावता. आणि उद्या सकाळी ऑफिसात येऊन एका कागदावर सही करायची, की ही जबाबदारी मी स्वखुशीने सोडते आहे.

स्वखुशीने! हा शब्द टाइप करताना कुणाचा हात अडखळला नाही?

एवढ्यावर भागलं नाही. मासिक सभेत तिचं उत्तर तू पडद्यावर दाखवलंस. नाव पुसून, विभाग आणि नोकरीची वर्षं ठेवून. त्या विभागात बावीस वर्षांची नोकरी झालेली दुसरी आहे कोण? "अशा सहकाऱ्यांना आधाराची गरज असते," असं म्हणालास म्हणे. आणि खालची कविता मोठ्याने वाचलीस, तेव्हा हशा पिकला. घरी येऊन तिने मला हे सांगितलं ते भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

चूक झाली, बोट घसरलं, दुसरीकडचा मजकूर चुकून चिकटला, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. हात जोडून सांगते आहे. मला बघवत नाही.

कारण बोट घसरलं नव्हतं. बोट माझं होतं.

आता लिहूनच टाकतो. त्या गुरुवारी नऊला ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती, चष्मा कोपराखाली. उठवावंसं वाटेना. फोन थरथरला. तिचा फोन उघडायचा आकडा मला ठाऊक आहे, माझ्या गोळ्यांच्या वेळा त्यातच असतात. पाच चेहरे समोर आले. जन्मभर मी आलेल्या पत्रांना उत्तरं टाइप केली. कुणी विचारलं की पूर्ण वाक्यात खरं उत्तर द्यावं, एवढंच मला येतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि पहिला चेहरा दाबला. मग एका बोटाने लिहिलं: "मी थकले आहे. तीन माणसांचं काम एकटी करते. जेवायला वीस मिनिटं मिळत नाहीत. कुंड्या नकोत, हाताखाली दोन माणसं द्या आणि माझी खुर्ची परत द्या." थोडी जागा उरली होती, म्हणून खाली चार ओळी रचल्या:

पाणी मुळाला घालेना,
पाने पुसतो हा माळी;
पुसे रोज, "का गं वेली,
तुझी मुद्रा अशी काळी?"

रचना साधी आहे, पण दर ओळीला मोजून आठ अक्षरं आहेत. तुला ओळखू आली नाही? निरोपसमारंभात तू म्हणायचास त्या कविता कोण करून द्यायचं रे?

तिला मी अजून सांगितलेलं नाही. दोन आठवडे झाले. रोज सकाळी ठरवतो आणि चहा गाळतो. ती मला काय म्हणेल याची भीती नाही. ती काहीच म्हणणार नाही आणि टेबलावरून उठून उशी पिशवीत भरेल, याची आहे.

तर चूक माझी. शिक्षा करायची तर मला कर, मी श्वासाच्या तासाला येऊन बसतो. पण मला एक सांग. त्या उत्तरात खोटं काय होतं? एक शब्द दाखव. मी विचारलं नाही, तो माझा गुन्हा. त्या बाईंची बोटं अजून डोळ्यांपुढे येतात. पण तू विचारतोस, आणि जो उत्तर देतो त्यालाच बाजूला काढतोस. मग माझ्यापेक्षा तू बरा कसा? उद्याचा तो कागद फाड. मेहरबानी म्हणून नको. ते काम तिच्याइतकं कुणाला येत नाही, हे तुला माहीत आहे.

थांब, बेल वाजली. बघून येतो.

परत आलो. दारात कोण असेल? ती चष्मेवाली! हातात हेल्मेट, धापा टाकत. मी दार अडवूनच उभा राहिलो.

"काका, ताई आहेत ना घरी?"

"मीटिंगमध्ये आहे. काय राहिलंय आता घ्यायचं?"

तिने हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाली, "आज सकाळी आमच्यातल्या अकरा जणांनी पहिला चेहरा दाबला. मीपण. खाली ताईंचंच उत्तर लिहिलं, कवितेसकट, एक अक्षर न बदलता. आता वरून विचारणा सुरू झालीये. ताईंना न विचारता केलं, म्हणून तोंडावर सांगायला आले. आणि उद्या त्यांनी सही करू नये म्हणून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "परवानगी तिची नको होती, पोरी. माझी हवी होती."

तिला बसवलंय, पाणी दिलंय. टेबलाच्या खोलीचं दार बंद आहे, आत मीटिंग चालू. तेवढ्यात हे लिहून घेतो आहे, कारण आता चहा गाळून भागणार नाही.

आतला आवाज थांबला. खुर्ची सरकली. "बाबा, कोण आलंय?"

सांगायला उठतो. त्या उत्तरावरचं नाव तू पुसलंस, तसं हे पुसू नकोस.

ते उत्तर ज्याने लिहिलं तो,
तिचा बाप