चौथं नाव

९ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर उभं राहून टेम्पोवाल्या अफसरनं जाहीर केलं — हुसेनबी आता आपली नाही. ती मेली तर तिला गुस्लची आंघोळ नाही, जनाजा नाही, कब्रस्तानात जागा नाही. जो तिच्याकडं जाईल तोही तिच्यातच धरला जाईल. हे मला गौसनं घरी येऊन सांगितलं. माझाच पोरगा. सांगताना निवांत भाकरी खात होता!

हुसेनबी दर्ग्याची झाडलोट करते, दिवा लावते. गेल्या आठवड्यात पहाटे कुणीतरी घणानं दिव्याचा कोनाडा फोडला. तिनं बघितलं आणि पालमला पोलीस ठाण्यात जाऊन तीन नावं दिली. एवढाच तिचा गुन्हा.

दर्ग्यावर दिवा लावावा की लावू नये, हा वाद माझ्या आजोबांच्या वेळीही होता. तावातावानं भांडायचे आणि मग एकाच दस्तरखानावर जेवायला बसायचे. घण कुणी उचलला नव्हता.

गावातल्या मेलेल्या बायकांना आंघोळ घालायचं काम माझं आहे, सासूकडून आलेलं. म्हणजे ती बंदी माझ्यावरच आली. ही वही मी कफनाच्या पेटीत लठ्ठ्याच्या कापडाखाली ठेवते. त्या पेटीला भीतीनं कुणी हात लावत नाही.

११ जानेवारी, रविवार

अफसरला नुसतं वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. तापाच्या साथीत गावची पोरं टेम्पोत घालून परभणीला त्यानंच नेली होती. म्हणून तर सगळे त्याचं ऐकतात. गौस त्याचाच टेम्पो चालवतो.

तेव्हापासून एकेक सुरू झालं. आधी लग्नातला बँड बंद. मग बायकांनी दर्ग्यावर जायचं बंद. मग शेजारच्या तानुबाईकडचं काही खायचं नाही. दर वेळी मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्यानं काय होतंय. एवढ्यानं-एवढ्यानं करत इथवर आलो.

१४ जानेवारी. संक्रांत

तानुबाईचा तिळगूळ घेतला. मोरीमागच्या भिंतीवरून, चोरासारखा. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ती 'गोड बोला' म्हणाली नाही. हुसेनबी अंथरुणाला खिळलीय, घोटभर पाणीही जात नाही म्हणाली.

१५ जानेवारी

जाऊन आले. दुपारी, सगळे तुरीच्या मळणीला गेल्यावर. दोनदा वाटेतून मागं फिरले.

हुसेनबीचं नुसतं हाड नि कातडं राहिलंय. विचारलं, मला तूच धुशील ना खैरून? मी हो म्हटलं. मग तिनं माझा हात धरला. घरात आम्ही दखनी बोलतो, पण तिचं वाक्य इथं मराठीत लिहिते, कारण मला लिहिता येतं ते तेवढंच.

"चौघं होते. चौथं नाव मी दिलं नाही."

कोण, हे मी विचारलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती. गौसच्या अंगठ्याला कोनाडा फुटला त्या दिवसापासून चिंधी बांधलेली आहे. टेम्पोच्या जॅकनं लागलं म्हणाला होता. मी हळद लावून दिली होती!

१६ जानेवारी

ताट तसंच ठेवून उठले. गौसच्या हाताकडं बघवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

हुसेनबी सकाळी गेली.

आणि मी गेले नाही. खरं तेच लिहिते.

सासू सांगायची — मय्यतीला धुणं, नमाज, दफन हे फर्ज-ए-किफाया. वस्तीतल्या कुणीही केलं की सगळ्यांचं फिटतं. कुणीच केलं नाही तर गुन्हा सगळ्या वस्तीच्या डोक्यावर. मी त्यातला पहिलाच अर्धा भाग धरून बसले. गावात हे काम येणाऱ्या आम्ही तिघी आहोत, म्हटलं जाईल कुणीतरी. बाकी दोघीही आपापल्या घरात हेच म्हणत बसल्या असणार. गौस उंबऱ्यात बसून होता.

दुपारची, जोहरची अजान झाली. मग भिंतीवरून तानुबाईचा आवाज.

"खैरुनबी, दुपार कलली. एक बी बाई आली न्हाई. पाणी म्या तापवून ठिवलंय. पुढचं मला येत न्हाई, तेवढं सांगा."

लाजेनं मेल्यासारखं झालं. पेटी उघडली, लठ्ठा काढला, कापूर घेतला. गौस उठून आडवा आला. म्हणाला, "अम्मी, गेलात तर तुमच्या जनाज्याला मी खांदा देणार नाही." इतक्या बायकांना हातानं निरोप दिला, आणि माझ्या निरोपाचं माझाच पोरगा हे बोलला. सून फरहीन चुलीपाशी होती. तिनं आतून हाक मारली — दूध उतू चाललंय, जरा बघा! तो वळला तशी मी बाहेर पडले. चुलीवर दूध नव्हतंच.

बोरीचा पाला घातलेलं कोमट पाणी. उजवीकडून सुरुवात. हुसेनबी लहान मुलीएवढी हलकी झाली होती. केसांच्या दोन वेण्या घातल्या. कपाळाला, तळव्यांना, गुडघ्यांना कापूर लावला. तानुबाई दाराबाहेरून पाणी देत होती. मी हुसेनबीची माफी मागितली. उशीर झाला म्हणून, आणि त्या चौथ्यासाठी.

जनाज्याला सात माणसं. म्हातारे पेशइमाम थरथरत आले, पण आले. कबर दर्ग्याच्या कडेला, तिच्या नवऱ्याशेजारी.

१९ जानेवारी

कुणी सलामाला जवाब देत नाही. पिठाच्या गिरणीत माझा डबा तसाच परत दिला. वीज नाही म्हणे. गिरणी तर चालू होती!

२१ जानेवारी, बुधवार

मोरीमागं गोणपाटात गुंडाळलेला घण आहे. सरपण काढताना फरहीनला दिसला, तिनं मला खुणेनं दाखवला. शुक्रवारी नमाजनंतर हुसेनबीची कबर सपाट करणार आहेत, दर्गाही पाडणार आहेत. गौस फोनवर बोलताना तिनं ऐकलं. दर्ग्याला चिकटूनच तानुबाईचं शेत. तिचा मुलगा बालाजी आणि चार पोरं आडवी येणार म्हणजे येणारच. मग काय होईल ते डोळ्यांपुढून हटत नाही. डोकी फुटतील. मग दोन्हीकडची घरं पेटतील.

गौस जेवायला बसला तेव्हा धीर केला. म्हटलं, हुसेनबीनं तुला बघितलं होतं. तुझं नाव दिलं नाही तिनं. माझ्याकडं बघून दिलं नाही.

त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, रडेल. लहानपणी असाच थांबायचा रडायच्या आधी.

"मग गेलं ना ते तिच्यासोबतच," म्हणाला आणि परत जेवायला लागला.

ह्या पोराला मी अंगावर पाजलंय. त्याची भीती वाटतेय मला.

२२ जानेवारी, गुरुवार

पालमची एसटी सात चाळीसला आहे. चौथं नाव आता फक्त मला माहीत आहे. आज कुणीतरी जाईल म्हणून थांबायची सोय नाही.

बुरखा सापडत नव्हता. फरहीननं आणून दिला. तिनं स्वतःचा आधीच घातला होता.