ओठावरचे टाके

आई, आज सकाळी तुझ्या नातीचा ओठ शिवला. धाकट्याची मुलगी, अजून मान नीट धरत नाही एवढी लहान. तू तिला पाहिलं नाहीस, तिच्या बापाचं लग्नही तुला पाहायला मिळालं नाही, पण तिचा चेहरा तू लगेच ओळखला असतास. डाव्या नाकपुडीपासून खाली ओठ तसाच दुभंगलेला, आतली गुलाबी हिरडी तशीच उघडी. सुईणीनं मूल दाखवलं तेव्हा माझ्या भावानं मिशीवरून एकदा बोट फिरवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला मात्र तू आठवलीस, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. तुला अक्षर येत नव्हतं. बाबांनी पाटी पुढे ठेवली की तुला हसू फुटायचं आणि चुलीवर काहीतरी करपायला लागायचं. तेव्हा हे तुझ्यापर्यंत जाईल अशा भ्रमात मी नाही.

धाकटा जन्मला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. इंग्रजी शतक सरायला अजून सहा-सात वर्षं होती आणि गिरगावातल्या ट्रामला घोडे होते. आपली चाळीतली जागा म्हणजे पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. बाबा छापखान्यात कंपोझिटर, दिवसभर शिशाचे टाइप जुळवायचे, आणि घरी आले की आधी राखेनं बोटं घासायचे. बाळ झालं आणि चाळीतल्या बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या. तुला बरं वाटतंय का हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना तू गरोदर असताना लागलेल्या ग्रहणाचंच पडलं होतं.

"आठव बघू, काहीतरी चिरलं असशील," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"नाही हो काकू. सुटेपर्यंत पाटावरून उठलेसुद्धा नाही."

"मग सुपारी कातरली असशील. दातानं दोरा तोडला असशील. उगाच का होतं असं?"

त्या ग्रहणात मी तुझ्याशेजारीच बसले होते. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होतीस. घसा कोरडा पडला तरी पाणी घेतलं नाहीस, डास चावत होते तरी खाजवलं नाहीस, आणि मी चुळबुळ केली की माझ्यावरच डोळे वटारत होतीस. पण काकू रोज येत राहिल्या, रोज तेच विचारत राहिल्या, आणि एक दिवस तू म्हणालीस, "हो, तोडला असेन दोरा." काकूंचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना त्यांची हरवलेली नथ सापडली. मी ओरडले, "खोटं! नाही तोडला!" तेव्हा तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की दोन दिवस काळानिळा डाग होता. तो चिमटा का, हे मला फार उशिरा कळलं. कारण सापडलं की बायका घरी जातात, एवढंच तुला हवं होतं.

बारशाला तू बाळाच्या तोंडावर पदर टाकून बसलीस. तो अंगावर पिऊ शकत नव्हता, ओठ मिटतच नव्हता. तू दूध पिळून बोंडल्याच्या चोचीतून थेंब थेंब घालायचीस, त्यातलं निम्मं नाकातून परत यायचं, आणि त्याचा जीव घाबराघुबरा व्हायचा. दिवसेंदिवस त्याच्या मांड्या पातळ होत चालल्या. मी बोटांनी मापून बघायची आणि तुला सांगायची नाही. तुलाही ते दिसत होतं आणि तूही मला सांगत नव्हतीस.

खोताच्या वाडीतली एक ख्रिस्ती बाई इस्पितळात नोकरीला होती. जाता-येता आपल्या नळावर पाय धुवायला थांबायची. तिनं एकदा बाळ पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाय, रडतेस कशाला? शिवतात आता ओठ. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"शिवतात? गोधडी आहे का ती?" तू म्हणालीस. तुझं बोलणं तसं तिखटच. पण त्या संध्याकाळी तू ते बाबांना सांगितलंस, आणि बाबा दुसऱ्याच दिवशी त्या बाईबरोबर इस्पितळात जाऊन आले. तुला समजवायला ते म्हणाले, "अगं, अक्षर वाकडं बसलं तर मी चिमट्यानं उचलतो आणि सरळ बसवतो. तसंच हे." तू विचारलंस, "अक्षराला दुखतं का?"

मला तो इस्पितळाचा ओटा अजून दिसतो. आपण दोघी भिंतीला टेकून बसलोय, बाळ तुझ्या मांडीवर. ती बाई पांढरं फडकं बांधून आली आहे आणि हात पुढे करते आहे. तू बाळ देत नाहीस. "क्लोरोफॉर्म देतात, कळणारसुद्धा नाही त्याला," ती सांगते. तू विचारतेस, "परत उठतो ना?" ती म्हणते, "उठतो, उठतो." तू तिच्या तोंडाकडे बघत राहतेस, कारण ती ते दोनदा म्हणाली आहे. मग तू बाळ देतेस. दार लागतं. आतून एक गोडसर, मळमळणारा वास येतो, आणि आपल्याला काहीच करता येत नाही. तू माझी वेणी सोडतेस आणि घालतेस, पुन्हा सोडतेस आणि घालतेस. माझ्या डोक्याची सालटी निघाली तरी मी हूं की चूं केलं नाही.

तो उठला. पण खरी परीक्षा पुढेच होती. डॉक्टरांनी बाबांना बजावलं की टाके सुकेपर्यंत, आठवडाभर तरी, मूल रडता कामा नये. रडलं की ओठ ताणतो आणि शिवण उसवते. आणि आई दिसली, आईचा वास आला, की ते पिण्यासाठी रडणारच. तेव्हा आईनं समोर यायचं नाही. इस्पितळात तुला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाहीच, आणि दोन-तीन दिवसांनी बाबा त्याला घरी घेऊन आले तेव्हा तू आधीच स्वयंपाकघरात जाऊन बसली होतीस. मधल्या दारात तुझं जुनं हिरवं लुगडं पडद्यासारखं बांधलं होतं. बाळाचे हात फडक्यानं अंगाशी बांधलेले, गालांवर चिकटपट्ट्या, आणि ओठावर काळ्या दोऱ्याचे टाके.

आपली चाळ एरवी कधी गप्प बसली आहे का? पण त्या दिवसांत बसली. खालच्या मजल्यावरचे नवरा-बायको दात-ओठ खाऊन भांडायचे, आवाज न काढता. कोळीण जिन्याखाली पाटी ठेवून हातवाऱ्यांनी बांगडा आहे की बोंबील ते सांगायची. बाळाला मांडीवर घेऊन बसायचं काम माझं. तू आत दूध पिळायचीस आणि वाटी पडद्याखालून सरकवायचीस. मला तुझी बोटं तेवढी दिसायची. तुला गुणगुणायचीही बंदी होती, कारण तो आवाज ओळखायचा. एकदा त्यानं नुसता हुंदका दिला तर आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मी वाकून पडद्याच्या फटीतून पाहिलं. तुझी चोळी दुधानं भिजली होती आणि तू पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होतीस. एका घरात दोघांना रडायची बंदी होती, आणि त्यातल्या एकालाच सगळी चाळ जपत होती.

मग काकू आणि आणखी दोघी-तिघी बाळाला बघायला आल्या. तोपर्यंत पट्ट्या काढून इस्पितळातल्या बाईनं नव्या लावल्या होत्या, सूज उतरली होती. "अगंबाई! चंद्रासारखा दिसतोय की गं!" काकू म्हणाल्या. "कुणाला सांगून खरं वाटणार नाही." त्या भरभरून बोलल्या, मनापासून बोलल्या, आणि तू पडद्याआड ऐकत होतीस. चाळीतल्या प्रत्येक बाईनं तुझ्या मुलाचा नवा ओठ पाहिला होता. तू पाहिला नव्हतास.

त्या गेल्या. तो माझ्या मांडीवर झोपला होता. पडदा बाजूला झाला आणि तू बाहेर आलीस. मी घाबरून मान हलवली, तू ओठावर बोट ठेवलंस. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. त्यात मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या असणार, हे मला न पाहताच कळलं. एवढं कौतुक झाल्यावर कुठली आई दृष्ट काढल्याशिवाय राहील? इतके दिवस तुला मुलासाठी काहीच करायला मिळालं नव्हतं. ना पाजणं, ना निजवणं, ना साधी हाक. हे एक काम तुझं होतं. तू मूठ त्याच्यावरून ओवाळलीस, ओठांतल्या ओठांत "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची" म्हणत, आणि ओवाळता ओवाळता थांबलीस. तू पहिल्यांदा त्याचा ओठ पाहिलास. मूठ तशीच हवेत. तुझा तसा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. नंतर माझ्या लग्नातही नाही.

तू आत गेलीस आणि मूठ चुलीत टाकलीस. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती, असं तूच सांगायचीस. ठसका आला. पडद्याखालून, बाजूनं, सगळीकडून आला. मी त्याला घेऊन गॅलरीत पळाले, पण तो आधीच शिंकला होता. एकदा, दोनदा, मग खोकला, मग इतक्या दिवसांचं साठलेलं रडणं. मला हाताखाली काहीतरी ओलं लागलं. तू धावत आलीस आणि त्याला माझ्या हातातून ओढून छातीशी धरलंस. तुझ्याकडे जाताक्षणी तो गप्प झाला, आई. लगेच. तुझ्या पदरावर रक्त होतं आणि तो शांतपणे तुझ्या गळ्याशी नाक घासत होता.

बाबा आले. बाळाकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"शिंकला," तू म्हणालीस.

खोलीत मिरच्यांचा वास भरून राहिला होता, आंधळ्यालाही कळला असता. बाबांनी जाऊन खिडक्या उघडल्या. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, मूल शिंकलं. डॉक्टर म्हणाले, आता लगेच पुन्हा नको, मोठा झाला की बघू. निम्मा ओठ जुळला होता, पिण्यापुरता; तो त्यावर जगला आणि धष्टपुष्ट झाला. मग प्लेग आला. इस्पितळाचं नाव काढलं तरी लोकांच्या अंगावर काटा यायचा. आपण कोकणात गेलो, परत आलो, आणि ते मोठेपणी बघायचं राहून गेलं. शाळेत पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची. तो घरी येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि तू त्याच्या केसांतून हात फिरवत भिंतीकडे बघायचीस.

त्यानंतर तू कुणाची दृष्ट काढली नाहीस. माझा पहिला मुलगा झाला तेव्हाही नाही. माझ्या सासूबाईंना ते फार लागलं, "आजी असून साधी मीठमोहरी ओवाळली नाही," असं त्या वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या. मी त्यांना कारण सांगितलं नाही. खरं सांगते, मला तुझा रागही यायचा. धाकटा चारचौघांत हाताआड तोंड धरून बोलायचा तेव्हा यायचा, त्याला तीन ठिकाणांहून नकार आला तेव्हा तर फारच आला. तू गेलीस तेव्हाही तो राग पुरता गेला नव्हता.

आज इस्पितळात धाकटा भावजयीला हसवत होता. "मी शिंकलो म्हणून माझी ही मिशी. हिला तेवढं शिंकू देऊ नका." त्याला एवढंच माहीत आहे, आणि माझ्याकडून जास्त कळणार नाही. भावजय बाहेर बाकावर बसली होती, चोळी पदरानं झाकून. आजही डॉक्टरांनी तेच सांगितलं, आईनं समोर यायचं नाही. भाऊ मला म्हणाला, "ताई, तू बस तिच्याजवळ. तुला सवय आहे." मी आत बसले. दुपारी दोन नर्सा आल्या आणि खाटेवर वाकून म्हणाल्या, "किती गोड झालीय हो! बाहुली नुसती!" माझा हात पदराकडे गेला.

आई, घरून निघतानाच मी पदराच्या गाठीत मीठ, मोहरी आणि तीन मिरच्या बांधून नेल्या होत्या. कशासाठी ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. नर्सांची पाठ वळली तशी मी मूठ तिच्यावरून ओवाळली, तुझेच शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत. जाळायची छाती झाली नाही. घरी येताना चौपाटीला उतरले आणि पाण्यात टाकल्या. पण ओवाळताना मूठ इतकी घट्ट धरली होती की मिरच्यांचा पार चुरा झाला होता. उद्या सकाळी तिला दूध पाजायला मीच जायची आहे. हे लिहिताना मी कितीदा तरी उठून हात धुतले, राखेनंही घासले. बोटांचा तिखटपणा अजून जात नाही.