मच्छिंद्रचं प्रशस्तिपत्र

टेंभुर्णी, १२ डिसेंबर १९७४

उद्या यादी करायची. परवा संघ जालन्याला स्पर्धेला निघणार.

अण्णासाहेबांनी आपल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात पगारी बास्केटबॉलचा संघ काढला तेव्हा गाव हसलं होतं. हैदराबादेत खेळ पाहून आले, लोहाराकडून दोन रिंगा वळवून घेतल्या, आठ जण महिनेवारीवर ठेवले. मी पेन्शनर मास्तर — गुण लिहायला.

मच्छिंद्र चेंडू आपटत येतो तेव्हा मला मात्रा ऐकू येतात. आठ, मग सहा. उडी घेतली की यती. चौथीत माझ्यापुढे कविता म्हणायचा. बाकीचे रेटून नेत, हा थांबायचं तिथं थांबे. गेले ते दिवस.

१३ डिसेंबर

जालन्यात खेळाडूंची जेवणं घरोघर ठरलीत. अण्णासाहेब यादी वाचता वाचता अडले. "मच्छिंद्र खरात? गुरुजी, हे आडनाव घेऊन त्यांच्या पंगतीत बसायचं कसं?"

तोड मीच काढली. माझ्या नातवाचं, वसंताचं नाव लिहू. वय तेच, आणि तिथं त्याला ओळखतं कोण?

मच्छिंद्र म्हणाला, "खेळायला भेटतं ना? मंग लिहा."

वाटलं, पोराचं भलं केलं.

१७ डिसेंबर

जिंकलो! बत्तीस गुणांतले एकोणीस मच्छिंद्रचे. लोक "वसंता, वसंता" ओरडत होते, त्यानं मान वळवली नाही.

जेवताना घरच्या बाईंनी तूप वाढता वाढता विचारलं, "कुणाचे रे तुम्ही?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझा नातू." घास बराच वेळ त्याच्या हातातच होता.

प्रशस्तिपत्रावरही वसंताच. माझ्या ट्रंकेत ठेवलं.

९ मार्च १९७५

जिनिंग बंद पडली. संघ मोडला. रिंगा उतरवल्या. मच्छिंद्र केदारखेड्याला विहिरीच्या कामावर गेला.

२ जून

मच्छिंद्र आला होता. तळहाताला फोड. औरंगाबादेत एका खात्यात भरती आहे, खेळाडूंना जागा राखीव.

"गुरुजी, ते प्रशस्तिपत्र द्या. अन् सोबत एक चिठ्ठी, का त्या नावानं म्याच खेळलो. वीस तारखेच्या आत."

देतो म्हणालो. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. आत ये म्हणायचं राहून गेलं.

५ जून

अण्णासाहेबांच्या कानावर घातलं. "लिहून देता? डोकं ठिकाणावर हाय ना गुरुजी? ज्या घरी जेवलो तिथंच माझ्या धाकट्या लेकीची सोयरीक चालू हाय. बिलकुल न्हाई."

११ जून

मच्छिंद्र दोनदा येऊन गेला. झोपलेत म्हणून सुनेनं सांगितलं. मी जागा होतो.

१४ जून

चिठ्ठी लिहायचीच, असं ठरवून ट्रंक उघडली. प्रशस्तिपत्र नाही.

सुनेला, केशरबाईला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "वसंतानं त्याच भरतीच्या अर्जासंगं लावलं. नाव त्याचंच हाय की, मामंजी. अन् यादी तुमीच लिव्हली ना?"

वसंता त्या चेंडूला कधी शिवलाही नाही.

१९ जून

मच्छिंद्रला सगळं सांगितलं. शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग खात्याला खरं कळवा, गुरुजी. तुमच्या शब्दाला मान हाय."

"बघतो."

"बघू नका. मायनं पाटी उचलून शिकिवलं मला. ह्ये गेलं तर मंग विहीरच हाय."

कोरा कागद पुढ्यात घेऊन दिवस काढला. पाठ असलेल्या कवितांच्या ओळी आठवत राहिल्या. त्यातली एकही कामाची नाही.

८ जुलै

खात्याचं पत्र. यादीवर सही माझी, म्हणून विचारणा मला — वसंता फदाट हा अर्जदार स्वतः जालन्यास खेळला काय, लेखी कळवावे.

'होय' लिहून दुपारच्या टपालानं पाठवलं. अक्षर चांगलं आलं.