टेबलाला कुठला राउटर द्यायचा

कॉकल पॉइंट, टास्मानिया
९ मार्च २००४

चि. कोरल हिस,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोन करू नकोस हे पुन्हा सांगतो. आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीत काढल्यावर फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनानेच भरतो आणि मग तू चिडतेस. पत्रच बरं.

इकडे सफरचंदांची तोडणी चालली आहे. माझं मात्र शेडबाहेर लक्ष नाही. ते टेबल अखेर झालं. एरवी राउटर, म्हणजे आपलं लाकूड कोरायचं यंत्र, हातात धरून लाकडावर फिरवायचा, तर इथे उलटं. राउटर टेबलाच्या पोटाला उलटा टांगायचा, त्याचं फिरतं पातं भोकातून वर येतं आणि आपण लाकूड त्याच्यावरून सरकवत न्यायचं. कडा गोल करा, खाचा पाडा, चौकटीला नक्षी काढा, सगळं उभ्याउभ्या. टेबल झालं, पण त्याला कायमचा कुठला राउटर जोडायचा ते काही ठरत नाही.

दोन आहेत. थोरला गेल्या वर्षी घेतला, धिप्पाड, उचलताना कंबर धरते. धाकटा तुला माहीत आहे, दोन बाजूंना धरायच्या दोन मुठी असलेला, होड्यांच्या कारखान्यात असल्यापासून माझ्या हातात आहे. माझ्या मनात धाकटाच टेबलाला द्यायचा आहे. मुठी काढायच्या, स्क्रू मारायचे आणि विषय संपवायचा. शेजारचा क्लॅरी म्हणतो, म्हातारा झालास आणि अक्कलही गेली. तुझं काय मत?

एक सांगायचं राहिलं. गावातल्या अग्निशमन दलाने मला फलक करायला सांगितलं आहे. ब्लॅकवुड लाकडाचा. सदुसष्टच्या त्या मोठ्या वणव्यापासून ज्यांनी ज्यांनी दलात काम केलं त्या सगळ्यांची नावं कोरायची आणि नोव्हेंबरात हॉलमध्ये लावायचा. मी हो म्हणून बसलो आहे. मर्व्ह मेहुण्याला नमस्कार. लोभ आहेच, उत्तर लवकर येऊ दे.

तुझा,
अल्विन


बंडाबर्ग, क्वीन्सलंड
२० मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. थोरावहिनीला बायको म्हणून पसंत करायला तुला नाचाची एक संध्याकाळ पुरली होती, आणि एका यंत्रासाठी आख्खा उन्हाळा? ती आज असती तर दोन्ही राउटर खाडीत टाकून मोकळी झाली असती.

मत विचारलंस म्हणून देते. मी जन्मभर शिडं आणि ताडपत्र्या शिवल्या. आमच्यात जड मशीन जमिनीला ठोकलेलं असतं, कापड त्याच्याकडे जातं. हलकं मशीन उचलून शिडापाशी न्यायचं. यात विचार करण्यासारखं काय आहे? थोरला टेबलाखाली, धाकटा हातात. मर्व्हने शेजारच्या सुताराला विचारलं, तोही हेच म्हणाला. वर म्हणाला, मोठं पातं लावायचं तर ताकद हवी, वेग कमी करता यायला हवा, आणि उंची टेबलाच्या वरूनच बदलता आली तर गुडघ्यांचे हाल होत नाहीत. तुझ्या थोरल्यात हे सगळं आहे, तूच कौतुकाने लिहिलं होतंस. धाकटा जाड दांड्याचं पातं धरतसुद्धा नाही.

आणि मुख्य म्हणजे धाकटा टेबलाला ठोकलास तर नावं कशाने कोरणार? अक्षरं टेबलावर होत नाहीत एवढं मलाही कळतं. थोरला हातात धरून? मग थडग्यावर स्वतःचं नाव आधी कोरून घे.

अक्षर एवढं बारीक का काढतोस? टास्मानियात कागद महागला का? शेवटच्या ओळी मुंग्या चालल्यासारख्या दिसतात, मर्व्हचं भिंग घेऊन वाचल्या. इथे अजून घामाच्या धारा आहेत. जेवत जा नीट, आणि माझ्या टोमण्यांचा राग धरू नकोस.

तुझी,
कोरल


कॉकल पॉइंट
६ एप्रिल

चि. कोरल,

अ. आ. तुझं पत्र वाचून थोरला जोडला. दुसऱ्या दिवशी काढला. धाकटा जोडला. मग क्लॅरी आला, डोक्याला हात लावून बसला, म्हणून पुन्हा थोरला. आता दोन्ही बाकावर पडून आहेत आणि टेबलाला भोक तेवढं आहे. शेडमध्ये गेलो की घरात यावंसं वाटतं, घरात आलो की शेडमध्ये. काय झालंय कोण जाणे, एका जागी बूड टेकत नाही.

थोरला जोडलेला असताना फजिती झाली, ती ऐक. हातातला राउटर आपण डावीकडून उजवीकडे नेतो. टेबलाखाली तो उलटा, म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं. शेंबड्या पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात. मी पट्टी घेतली आणि जन्माच्या सवयीने डावीकडून सारली. पात्याने ती माझ्या हातातून हिसकली आणि अशी सोडली की शेडच्या पत्र्यातून अर्धी बाहेर. क्लॅरी पलीकडे कोंबड्यांना दाणे घालत होता. तो ओरडत आला की मारायचंच असेल तर निदान हाक मारून मार. हात शाबूत आहेत, घाबरू नकोस.

तरी माझं मन धाकट्याकडेच जातं. कडांना एवढी ताकद लागतेच असं नाही, दोनदा फिरवलं तरी चालतं. बारीक दांड्याची पाती माझ्याकडे खंडीभर आहेत. कारणं शोधली तर पुष्कळ आहेत. नावांचं मी बघून घेईन.

लोभ असू दे.

अल्विन


बंडाबर्ग
१८ एप्रिल

ती. दादा,

सा. न. तुझं पत्र आल्यापासून माझाही पाय घरात ठरत नाही. चार वेळा वाचलं. मर्व्ह म्हणतो, जाऊ दे, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. पण तू कधीच मूर्खासारखा हट्टी नव्हतास.

तुला सगळे सांगतात की चुकतोयस, आणि तू चुकतोयस हे तुलाही कळतं. दुबळं यंत्र टेबलाखाली घालायचं, चांगलं यंत्र फळीवर ठेवायचं, फलक तर करायचा आणि अक्षरं कोरायचं हत्यार मुठी काढून ठोकून टाकायचं. यात टेबलाच्या भल्याचं काहीच नाही. मग विचार केला, यात कोणाचं भलं आहे? थोरला फळीवर राहिला तर तू तो हातात घेणार नाहीस, तो जडच आहे. धाकटा समोर राहिला तर घेशील. तो आपल्या हातात पुन्हा येऊ नये म्हणून तू त्याला तिथे पुरतोयस.

आणि तुझं अक्षर. मी थट्टा केली, माझी जीभ झडो. ता. क.च्या जागेत मावावं तसं लिहितोस आणि ओळीच्या शेवटी आणखी बारीक होतं.

दादा, हात कापतो का रे? मला भीती वाटते आहे, म्हणून सरळ विचारते. उत्तर सरळ दे.

तुझीच,
कोरल


कॉकल पॉइंट
२९ एप्रिल

कोरल,

दीड हजार मैलांवर बसून माझ्या शेडमध्ये नाक खुपसायचं कारण नाही. मी यंत्राबद्दल विचारलं होतं, माझ्याबद्दल नाही. धाकटा जोडला आहे. स्क्रू मारले आहेत. विषय संपला.

अल्विन


कॉकल पॉइंट
२३ मे

चि. कोरल हिस,

अनेक आशीर्वाद, आणि मागच्या पत्राबद्दल वाईट वाटतं. ते टाकून आलो तेव्हाच पेटीत हात घालून परत काढावंसं वाटलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस, पण पोस्टमनची गाडी वळणावर दिसली की मी फाटकापाशी जात होतो.

कापतो. उजवा. नुसता मांडीवर ठेवला तरी चाळा करतो, आणि काम भरात आलं की मध्येच हिसका देतो. होबार्टच्या डॉक्टरने त्याला नाव दिलं आहे. ते इथे लिहीत नाही, तुला कळलंच असेल. गोळ्या चालू आहेत. तो म्हणाला, पुष्कळ वर्षं नीट जगाल. कशी जगायची ते त्याने सांगितलं नाही.

फलक फेब्रुवारीतच सुरू केला होता, हे तुला लिहिलं नाही. ब्लॅकवुडची अशी फळी पुन्हा मिळायची नाही. पहिलं नाव क्लॅरीच्या वडिलांचं होतं. चार अक्षरं सुरेख उतरली. पाचव्याला हात उडाला आणि पातं सगळ्या अक्षरांवरून आडवं जाऊन कडेला बाहेर पडलं. क्लॅरी बघायला आला तेव्हा मी फळी भिंतीकडे फिरवून ठेवली होती. त्याला म्हटलं, लाकूड अजून वाळतंय. त्यानंतर दोनदा धाकटा उचलला, बटण दाबलं, आणि लाकडाला न लावताच खाली ठेवला. बाकावर असला की उचलल्याशिवाय राहवत नाही, आणि उचलला की भीती वाटते. मला, कोरल. होड्यांच्या तळाखाली आडवा होऊन ज्याने तो एका हाताने चालवला, त्याला.

म्हणून म्हटलं, मुठीच नकोत. तू अचूक ओळखलंस. राग त्याचाच आला.

आता दलाला जाऊन नाही म्हणून सांगणार आहे. त्यांना पितळेची पाटी करून घेऊ दे. क्लॅरीला काय सांगायचं ते अजून सुचत नाही.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
अल्विन


बंडाबर्ग
२ जून

ती. दादा,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी रडले, मग मर्व्हवर उगाच ओरडले, आणि आता लिहायला बसले आहे. दलाकडे गेला नसशील तर जाऊ नकोस. गेला असशील तर परत जा आणि सांग की नोव्हेंबरात फलक लागेल.

आधी टेबल. धाकट्याला तिथून काढ आणि थोरला कायमचा जोड, त्याची जागा तीच आहे. बंद करायचं मोठं बटण गुडघ्याने दाबता येईल असं पुढे लाव. लाकूड हाताने ढकलायचं नाही, दट्ट्याने ढकलायचं. वरून आणि बाजूने दाबपट्ट्या लाव, म्हणजे हात उडाला तरी लाकूड उडणार नाही आणि बोटं पात्यापासून लांब राहतील. आणि क्लॅरी शेडमध्ये नसेल तेव्हा टेबल चालू करायचं नाही. हे ऐकणार नसशील तर मी थोरलाही खाडीत टाकेन. यासाठी क्लॅरीला खरं सांगावं लागेल. त्याच्या बापाचं नाव आहे, त्याला सांगायलाच हवं.

आता धाकटा. त्याच्या मुठी परत बसव आणि तो मला पाठव. माझे हात साठी उलटली तरी सुई एका धाग्यावरून चालवतात, नजर अजून शाबूत आहे. इथे हूप पाइनच्या लाकडाचे तुकडे ढिगाने मिळतात, त्यांच्यावर गिरवीन. ऑक्टोबरात येते आणि महिनाभर राहते. मर्व्हला विचारलं नाही, सांगितलं. कसा धरायचा, कसा चालवायचा, सगळं लिहून कळव, आणि मोठ्या अक्षरात, कागद लागला तर मी पाठवते.

तू नाही म्हणशील म्हणून तिकीट आधीच काढलं आहे.

तुझी,
कोरल


कॉकल पॉइंट
२६ जून

चि. कोरल हिस,

अ. उ. आ. वि. वि. धाकटा काल पोस्टात दिला. लोकरीच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला आहे, स्वेटर मर्व्हला दे.

दलाकडे गेलोच नव्हतो. क्लॅरीला सांगितलं. फळी फिरवून दाखवली. तो त्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाला की आग विझवताना त्याच्या बापाचा पाण्याचा पाइपही असाच हातातून सुटायचा. दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन आला. आम्ही दोघांनी ती रेघ आणि ती चार अक्षरं रंधून काढली. फळी थोडी पातळ झाली, पण पुरेल. थोरला टेबलाला बसला आहे, तू म्हणतेस तसा, गुडघ्याच्या बटणासकट. सकाळी बाहेर दहिवर असतं, पत्रा गार पडलेला असतो, क्लॅरी आला की सुरू करतो. चौकटीच्या दोन बाजू झाल्या. लाकूड उजवीकडून नेतो. दर वेळी स्वतःला मोठ्याने सांगावं लागतं, आणि क्लॅरीही सांगतो.

आता तू. आधी पातं बसव, मग प्लग लाव, उलट कधीच नाही. दोन्ही मुठी धर, पण आवळू नकोस, आवळलं की खांदे भरतात. कोपरं फळीवर टेकव. बटण दाबल्यावर तो एकदम मान वळवतो, त्याला घाबरू नकोस, पूर्ण वेगात आला की शांत होतो. मग पातं खाली घे. एकदम खोल जाऊ नकोस, दोनदा-तीनदा फिरव. लाकडाची नस कुठे वळते ते आवाजावरून कळतं. ओसारख्या गोल अक्षराच्या पोटात तो तुला नसेबरोबर ओढेल. तिथे भांडू नकोस आणि सोडूही नकोस. घाई झाली की लाकूड फाटतं, फार रेंगाळलीस की काळं पडतं, जळल्याचा वास येतो. दोन्हींच्या मधली चाल मी तुला लिहून सांगू शकत नाही, ती आपोआप येते. अक्षर संपलं की पातं वर घे, मग बंद कर. बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. पुरतं थांबेपर्यंत हात काढायचा नाही.

पहिली अक्षरं वाकडी येतील. ती फळी जाळू नकोस, मला पाठव.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले, मोठ्या अक्षरात काढलं आहे. मर्व्हला नमस्कार. चौकट झाली तरी फलकाला तेल लावणार नाही, तू येईपर्यंत थांबतो. सगळ्या नावांच्या रेघा पेन्सिलीने आखून ठेवल्या आहेत, हात जरा थरथरला, पण पेन्सिल पुसता येते. आत सगळं कोरं आहे. ये.

तुझा,
अल्विन