रुमालातलं बाळ

पिनर,
लंडन,
१० जानेवारी २००७

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद,

सुखरूप पोचले. विमान वेळेवर आलं. बॅग मात्र दोन दिवसांनी आली, आणि ती घेऊन आलेल्या माणसाने ती शेजारच्या नीनाच्या दारात टाकून पळ काढला. आत तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी, कोंबलेली मसाल्याची बरणी फुटलेली, त्यात माझ्या दोन साड्यांचं वाटोळं. मी नको नको म्हणत होते. पण एलवीराबाईंना 'नको' हा शब्द कुठल्याच भाषेत कळत नाही.

हे पत्र नीना तिच्या ऑफिसात स्कॅन करून तुला ईमेलने पाठवील. तुमच्याकडच्या पोस्टावर माझा काडीचा भरवसा नाही. दिवाळीचा फराळ तुला नाताळात मिळाला, तोही चकल्यांचा भुगा होऊन. आणि फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच बसलेले असतात. नीना वाचेल ही भीती नाही, ती इथेच जन्मली, तिला मराठीचं एक अक्षर लागत नाही. तूही इथेच जन्मलास, पण तुला वाचता येतं. दर शनिवारी कान धरून बसवत होते म्हणून, हे विसरू नकोस.

आता तुझ्या मेक्सिकोबद्दल. सुट्टी म्हणून आले होते, पण अशी सुट्टी पुन्हा नको रे बाबा. त्या घरात कुणी म्हणून स्वस्थ बसत नाही. नाताळचं जेवण मध्यरात्री! त्या वेळी माणसं झोपतात. चिकन म्हणजे काही मांस नव्हे, हे एलवीराबाईंनी मला रोज नव्याने पटवायचा प्रयत्न केला. आणि संध्याकाळ झाली की कुणाच्या तरी दाराबाहेर मेणबत्त्या घेऊन उभं राहायचं, आम्हाला आसरा द्या म्हणून गायचं. आतल्यांनी गाऊनच नाही म्हणायचं. पुन्हा गायचं, पुन्हा नाही, आणि मग एकदाचं दार उघडायचं. अरे, उघडायचंच आहे तर आधीच उघडा ना! थंडीने माझे पाय बधिर झाले होते. मी मारिसोलला तसं म्हटलं तर ती गोड हसून म्हणते, "बट सेन्योरा शैला, दे हॅव टू आस्क."

मुलगी चांगली आहे. माझी बॅग तिने मला उचलू दिली नाही. आणि ते पेरू-उसाचे तुकडे घालून उकळलेलं गरम पेय तिने मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून पाजलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण पुढे मी तुमच्याविरुद्ध बरंच लिहिणार आहे.

तुझ्या गच्चीवर पाण्याची टाकी, सकाळी गॅसवाल्याची हाळी, समोर डोंगर धूर सोडतोय आणि कुणी मान वर करून बघत नाही. तू तिथे कसा रमलास हे मला कळत नव्हतं, आता थोडं कळलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "डोंगर किती लांब आहे त्याच्या घरापासून?" चार वर्षांपूर्वी तू लंडनची नोकरी सोडून त्या मोटारींच्या कारखान्यात गेलास, तेव्हा ह्याच माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं. तो राग केव्हाच गेला. पण तसं ते तोंडाने सांगतील तर शपथ.

आणि तू! विमानतळावर सोडायला निघालास तेव्हा गाडीत काय म्हणालास? "बाबांचे गुडघे दुखतात म्हणे. बसून तर यायचं होतं. तिकीट काढून ठेवलेलं असताना रद्द करतात म्हणजे त्यांना यायचंच नाही. सांग त्यांना, एप्रिलमध्ये लग्नालाही नाही आले तरी चालेल." मी खिडकीबाहेर बघत बसले. तुला वाटलं असेल, आई नेहमीप्रमाणे बाबांची बाजू घेऊन गप्प. तो निरोप मी दिलेला नाही आणि देणारही नाही. तुम्हा दोघांच्या मधली पोस्टमन होऊन मी थकले.

बाबा ठीक आहेत. मी नव्हते तेव्हा लीड्सहून मधुआत्या येऊन राहिली होती, ती काल परत गेली. रोज सकाळी बाबा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालून येतात. गाडी बाहेर काढत नाहीत, त्यामुळे सामान मी बसने आणते. का म्हणून विचारू नकोस. थंडी आहे.

एक राहिलं. सहा तारखेला, तू मारिसोलला दुकानातून आणायला गेला होतास, तेव्हा एलवीराबाईंकडे तो मोठा गोल गोड पाव कापला, वर रंगीत फळांचे तुकडे लावलेला. माझ्या तुकड्यात प्लॅस्टिकचं एवढंसं बाळ निघालं! दात पडायचा माझा. आता एवढ्या माणसांत त्या बाईने वाढलेल्या खाण्यात काही निघालं म्हणून दाखवायचं का? यजमानीणबाई मेल्याहून मेली झाली असती. मी खोकल्यासारखं करून ते रुमालात घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि पाव छान झालाय म्हणून आणखी एक तुकडा मागून घेतला. नंतर काय झालं कोण जाणे, सगळे पावाचा चुरा करून काही तरी शोधत होते आणि मारिसोलच्या त्या रामीरोमामांवर ओरडत होते. ते बिचारे छातीवर हात ठेवून शपथा घेत होते. एलवीराबाईंना दुखवू नकोस, पण बेकरीवाल्याला जपून काम करायला सांग म्हणावं. घरात लहान मुलं असतात.

स्वेटर धुऊन वाळत टाकताना पिळू नकोस.

तुझी,
आई


पिनर,
१८ जानेवारी २००७

चि. अवधूत,

आशीर्वाद आहेतच, पण चिडलेल्या आईचे.

रविवारी फोनवर तू इतका हसत होतास की मला वाटलं लाइन खराब झाली. बरं, हसून झालं, मग कळलं. ते बाळ मुद्दाम घालतात. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना जेवायला बोलवायचं, त्या कणसाच्या पानात उकडलेल्या मक्याच्या उंड्या खाऊ घालायच्या. आणि जेवण घालायचं चुकवण्यासाठी चिक्कू माणसं ते बाळ गुपचूप लपवतात, रामीरोमामांनी एकदा खरंच लपवलं होतं, म्हणून ह्या वेळीही त्यांनीच लपवलं असं सगळ्यांनी धरून चाललंय. तिथली अख्खी गल्ली त्यांना चिडवतेय. आणि बाळ इथे पिनरमध्ये, माझ्या पर्समध्ये, बसच्या तिकिटांबरोबर!

मला आधी कुणी सांगायला नको होतं? इतके दिवस राहिले, पावाबद्दल एक अक्षर नाही! चारचौघांत कुणाची शोभा होऊ नये म्हणून मी जे केलं, त्याने एका निरपराध माणसाची शोभा झाली. मला हसू येत नाहीये, अवधूत.

आणि हसून झाल्यावर तू काय केलंस? बाबा सोफ्यावरून उठून आले होते, फोनसाठी हात पुढे करून उभे होते. मी म्हटलं, "थांब, बाबा बोलतायत." तू म्हणालास, "उशीर होतोय आई, ठेवतो." ठेवलासही. बाबांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "कामात असेल." मग ग्रंथालयातून आणलेली स्पॅनिशची सीडी लावून बसले. ऐकलंस ना, स्पॅनिशची. दोन महिने ऐकतायत. ज्याला लग्नाला यायचं नाही तो माणूस 'मी नवऱ्या मुलाचा वडील आहे' हे वाक्य स्पॅनिशमध्ये पाठ करतो का? उच्चार भयंकर आहेत.

त्या संध्याकाळी मी ते बाळ पर्समधून काढून चहाच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांना सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा लावून ते उलटंसुलटं करून पाहिलं. आयुष्यभर ट्यूब रेल्वेचे सिग्नल सांभाळलेला माणूस, नियम म्हटला की गंभीर होतो. म्हणाले, "मग जेवण घालायला हवं. आणि आधी खरं सांगून टाक. तुझ्या रुमालातल्या गोष्टीपायी एका माणसावर आळ कशाला?"

मी म्हटलं, "सांगून टाकू?"

"टाक."

ते रामीरोमामांबद्दल बोलत होते. मी जास्त विचारलं नाही.

तर आता सांगते, आणि हे वाचताना कुठे तरी बसून घे. तुझ्या बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत. दिवाळीनंतर, बाहेर पाच नोव्हेंबरचे, गाय फॉक्स नाइटचे फटाके वाजत होते तेव्हा, त्यांच्या छातीत कळ आली. मी आधी गॅसेस म्हणून ओवा दिला. मग ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याच आठवड्यात बायपास झाला. आता बरे आहेत, अगदी खरंच बरे आहेत, पण इतक्यात विमान नको असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून तिकीट रद्द केलं. म्हणून गाडी बंद. म्हणून मधुआत्या आली होती.

त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, "त्याला कळवायचं नाही. घाबरून येईल. मला तो घाबरून आलेला नकोय, आपणहून आलेला हवाय." आणि मी घरी राहते म्हटलं तर अंगावर ओरडले, टाके दुखेपर्यंत. तू गेली नाहीस तर त्याला संशय येईल म्हणे. गुडघ्यांचं कारण त्यांचंच. मी ते तुला तोंड सरळ ठेवून सांगितलं, आणि तू तिथे त्यांना नावं ठेवत होतास तेव्हा डोंगर बघत राहिले. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता, आणि त्यांचाही. खोटं तुमच्यासाठी मी बोलायचं, आणि रुसायचं तुम्ही एकमेकांवर! एक हट्टाने दार ठोठावत नाही, दुसरा हट्टाने उघडत नाही, आणि मी मध्ये मेणबत्ती घेऊन उभी. आता माझ्याच्याने होत नाही.

ते रोज कोपऱ्यापर्यंत चालतात ना, ते एप्रिलसाठी. एप्रिलमध्ये विमानात बसता येईल असं डॉक्टर म्हणालेत. तू येऊ नका म्हणालास हे त्यांना अजून माहीत नाही, आणि कळायच्या आधी तू ते मागे घेतलेलं बरं.

तर नियमाप्रमाणे बाळ माझ्याकडे निघालं, तेव्हा दोन फेब्रुवारीचं जेवण माझ्याकडे. शुक्रवार आहे. मक्याची पानं इथे कुठे शोधू? केळीची फ्रोझन पानं वेंब्लीला मिळतात, त्यात पानग्या करीन. मारिसोलला घेऊन ये. तिला चालेल का ते विचार, आणि विचारून न थांबता तिकीट काढ. आधी एलवीराबाईंकडे जाऊन, सगळ्यांसमोर, रामीरोमामांची माझ्या वतीने माफी माग. बाळ मी लपवलं असं स्पष्ट सांग. इंग्लंडची विहीण चिक्कू आहे म्हणाले तर म्हणू देत.

बाबांना तू येतोयस हे सांगणार नाही. त्यांना वाटू दे आपणहून आलास. हे एवढं एक शेवटचं मी लपवीन.

दाराबाहेर उभं राहून गाणं म्हणायची गरज नाही. बेल दाब, ते स्वतः उघडायला येतील. फक्त त्यांना एकदम घट्ट मिठी मारू नकोस, छातीचं हाड अजून पूर्ण भरलेलं नाही. हळू धर. पण धर.

वाट पाहणारी,
तुझी आई