पायथ्यापासून नऊ इंच

३ सप्टेंबर, सोमवार
नवी नोकरी. टेबल खिडकीला लागून मिळालं, आणि खणाला चक्क चालणारी किल्ली. ताईच्या घरापासून बसने तीन थांबे. निघताना भाऊजी म्हणाले, पहिल्याच दिवशी साहेबीण होऊन परत येऊ नकोस.

काम सोपं आहे. या वॉर्डात कॅन्सरवरचं एक नवं औषध पहिल्यांदाच माणसांना देतात. ज्यांचे बाकीचे सगळे उपाय करून झाले, अशांना. एका वेळी तिघे. एकवीस दिवस ते इथेच राहतात. रोज दुपारी मी प्रत्येकाला काय होतंय ते विचारायचं आणि त्याच्या पुस्तिकेत लिहायचं. तिघेही सुखरूप राहिले तर पुढच्या तिघांना दुप्पट डोस. एकाला जरी काही विपरीत झालं, तर सगळं तिथेच थांबतं.

पुढच्या तिघांत ताईचं नाव आहे. तिचं आडनाव सासरचं. आमचं नातं इथे कोणाला माहीत नाही, डॉक्टरबाईंनाही नाही.

५ सप्टेंबर, बुधवार
पहिल्या पलंगावर एक म्हातारे शिंपी आहेत. गळ्यात अजून टेप. मला पाहताच म्हणाले, बाई, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, ज्याने शिवला त्याला आधी इथे भरती करा.

तिघांनाही तोंडाला कोरड, थोडी मळमळ. लिहिलं.

७ सप्टेंबर, शुक्रवार
शिंपी आज हळू आवाजात बोलत होते. दुपारचं जेवण झालं की कोणीतरी पायथ्याशी येऊन बसतं, म्हणाले. दिसत नाही. गादी तेवढी दबते. त्यांनी टेप लावून दाखवला. पलंगाच्या पायथ्यापासून नऊ इंच. गादीत खरंच खळगा होता. मी चादर ओढून सारखी केली. खळगा राहिला.

पेन उघडलं तसे त्यांनी हात जोडले. हे लिहिलंत तर मला काढून टाकतील, म्हणाले, मग मला दुसरीकडे कोण घेणार.

मला ताई आठवली. लिहिलं: तक्रार नाही.

१२ सप्टेंबर, बुधवार
चौदा इंच. ते रोज एक इंच वर सरकतं. शिंपी टेपवर टाचणी लावून ठेवतात.

बाकीच्या दोघांनाही विचारलं. एकाने मान फिरवली. दुसरे निवृत्त मास्तर आहेत. ते म्हणाले, पाहुणा आहे, बसला तर बसू दे, चहा तर मागत नाही ना.

तिन्ही पुस्तिकांत तेच लिहिलं.

२२ सप्टेंबर, शनिवार
स्कॅन आले. तिघांच्याही गाठी लहान झाल्या आहेत. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. सोमवारी तिघे घरी जातील, गोळ्या चालू ठेवून. पुढची पुस्तिका घरी ज्याची त्याने लिहायची.

शिंप्यांची टाचणी चोवीसवर.

२५ सप्टेंबर, मंगळवार
ताई आली. तोच पहिला पलंग. मी तिला अहो म्हटलं, तिने मला मॅडम. तिला हसू आवरेना.

२८ सप्टेंबर, शुक्रवार
मी विचारलं नव्हतं. तिनेच पाय पोटाशी घेतले आणि म्हणाली, त्याला जरा सरकायला सांग.

फूटपट्टी लावली. नऊ.

तक्रार नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
तेवीस. हिच्याकडे रोज दोन इंच.

गाठ निम्मी झाली. ताई पोटभर जेवते. भाऊजी काचेपलीकडून तिला पाहून रडले.

१३ ऑक्टोबर, शनिवार
शिंपी काल गेले. दुपारी, जेवल्यावर. पुस्तिका आणि उरलेल्या गोळ्या लगेच परत द्यायच्या, असा आमचा नियम. त्यांचे जावई घेऊन आले. मला मान वर करवेना.

शेवटी छातीवरचं काढा, छातीवरचं काढा म्हणत होते, जावई सांगत होते. छातीवर तर चादरसुद्धा नव्हती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, या आजारात असं होतं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर शिंप्यांच्या अक्षरात लिहिलेलं: तक्रार नाही. माझ्याकडूनच शिकले.

टेप माझ्यासाठी ठेवला होता. टाचणी चव्वेचाळीसवर.

ताईचा पलंग मोजला. एकोणचाळीस.

१४ ऑक्टोबर, रविवार
एक्केचाळीस.

ताईला म्हटलं, मी डॉक्टरबाईंना सगळं सांगते. तिने माझं मनगट धरलं. "गाठ निम्मी झालीय. इतके दिवस गप्प बसलीस ना? मग आताही बस."

बसले.

१५ ऑक्टोबर, सोमवार
आज त्रेचाळीसवर येणार.

आज एकविसावा दिवस. डॉक्टरबाई सही करायला येतील — उद्या नवे तिघे, डोस चौपट. ते आजच येऊन बाहेरच्या बाकावर बसलेत. एकीने सोबत विणकाम आणलंय —

जेवणं झाली. ताईजवळ बसून लिहिते आहे. गादीत खळगा नाही. चादर सपाट. वाटलं, गेलं —

ताईचे डोळे मिटलेले. "ऊठ ना गं. छातीवरून ऊठ."

मी खुर्चीत आहे.

पुन्हा म्हणाली. माझं लाडाचं नाव घेऊन. मी खुर्चीत आहे, ताई, मी इकडे —

घंटा दाबली. पुस्तिका सापडत नाही. इथेच लिहिते, हीच वही डॉक्टरबाईंच्या हातात — पावलं ऐकू येतात —

पहिली तक्रार. सात सप्टेंबर. शिंपी. पायथ्यापासून नऊ